हातमोजे घालूनही बोटं पांढरी पडतात, तेव्हा

माझ्या दोन्ही हातांची मधली तीन-तीन बोटं गारठ्यात पांढरी पडतात. मेणासारखी पांढरी. पेरावर त्या पांढऱ्याची हद्द इतकी ठळक असते की कुणी पट्टी धरून रेघ मारलीय असं वाटावं. रेघेच्या अलीकडचं बोट माझं, पलीकडचं जणू कुणा दुसऱ्याचं. टाचणी टोचली तरी नीट कळत नाही, बटण लागत नाही, किल्ली कुलपात फिरत नाही. दहा-वीस मिनिटांनी रक्त परत येतं तेव्हा बोटं अशी ठणकतात की आधीचा बधिरपणाच बरा वाटतो.

एकोणिसाव्या वर्षापासून हे चालू आहे. डॉक्टरांनी कागदावर ‘रेनॉड्स’ असं लिहिलं, तपासण्या केल्या, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले आणि सांगितलं, हातमोजे घाला. मी घातले. जाड घातले, मग एकावर एक दोन घातले. झटके येतच राहिले. हा त्रास असलेलं कुणीही भेटलं की बोलता बोलता हाच प्रश्न निघतो: मोजे तर घालतो, मग चुकतंय कुठे?

चुकतं ते दोन ठिकाणी. आपण ऊब उशिरा देतो आणि चुकीच्या जागी देतो. रक्त अडतं बोटात, पण ते अडवण्याचा हुकूम पुष्कळदा छाती, पाठ, मान यांना लागलेल्या गारव्यावरून सुटलेला असतो. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी, हे तेच आहे ना?

थंडीत हात गार पडणं सगळ्यांचंच होतं. रेनॉड्समध्ये रंग बदलतो आणि त्या बदलाला स्पष्ट कड असते. ठरलेला क्रम पांढरा, मग निळा, मग लाल. पांढरा म्हणजे बोटाच्या रोहिण्या आवळल्या, आत रक्त येईना. निळा म्हणजे आत अडकून पडलेल्या थोड्याशा रक्तातला ऑक्सिजन पेशींनी वापरून संपवला. लाल म्हणजे वाहिन्या सुटल्या आणि रक्त लोंढ्याने आत शिरलं. ठणका आणि झोंबणं याच वेळी. तिन्ही रंग प्रत्येकाला दिसतातच असं नाही. मला निळा क्वचितच दिसतो. त्वचा गडद असेल तर पांढरेपणा राखाडी किंवा पिवळट वाटतो. अशा वेळी नखाखालचा रंग आणि बोटाची तळहाताकडची बाजू बघावी. पायाच्या बोटांनाही होतं, फक्त ती मोज्यात झाकलेली असल्याने कळत नाही. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, क्वचित जीभसुद्धा.

याच्याशी गल्लत होणाऱ्या काही गोष्टी आहेत आणि त्यांचा उपाय वेगळा आहे. थंडी लागून गेल्यावर काही तासांनी खाजरे, लालजांभळे, सुजलेले चट्टे आले आणि ते दिवसेंदिवस राहिले, तर ते चिलब्लेन. हात सतत निळसर, गार, घामेजलेले असतात पण पांढरे कधीच पडत नाहीत आणि दुखतही नाहीत, तर बहुधा ॲक्रोसायनोसिस. ऊब लागली की तळवे लाल होऊन आग होते आणि गार पाण्यात बरं वाटतं, हे तर बरोबर उलटं दुखणं, एरिथ्रोमेलॅल्जिया. रात्री झोपेत मुंग्या येऊन जाग येते पण रंग बदलत नाही, तर मनगटात नस दबत असेल. हिमदंशात ऊतक खरोखर गोठतं, त्याला शून्याखालचा गारठा लागतो. रेनॉड्सला तेवढी थंडी लागत नाही. उबदार खोलीतून गार खोलीत गेलं तरी पुरतं.

बोटाच्या टोकाशी काय घडतं

बोटांची टोकं, तळहात, तळवे, नाक, ओठ, कान या ठिकाणची त्वचा बाकी अंगाच्या त्वचेसारखी नसते. इथे लहान रोहिण्या आणि लहान नीला यांना थेट जोडणाऱ्या आडवाटा असतात. रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यात न शिरता या वाटेने इकडून तिकडे जातं. पेशींना अन्न-ऑक्सिजन पोचवणं हे या वाटांचं काम नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकणं किंवा राखून ठेवणं हे त्यांचं काम. म्हणून त्यांच्या भिंतीत स्नायूंचे जाड थर असतात आणि त्यावर नसांची दाट गुंफण. उकडतं तेव्हा त्या सताड उघडतात, गारठतं तेव्हा घट्ट मिटतात. आरामात बसलेल्या माणसाच्या सगळ्या त्वचेतून मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं. अंग तापलं की हाच आकडा ६ ते ८ लिटरपर्यंत चढू शकतो. इतकी उघडझाप करू शकणारी व्यवस्था मिटण्यातही तितकीच टोकाची असणार. थंडीत बोटांचं रक्त तोडून काळीज, मेंदू, यकृत उबदार ठेवणं हा शरीराचा शहाणपणाच आहे. रेनॉड्समध्ये तो शहाणपणा अतिरेकाला जातो, आणि त्यात बोटाच्या मुख्य रोहिण्याही ओढल्या जातात.

मिटण्याचा हुकूम दोन वाटांनी येतो. पहिली वाट वरून. मेंदूतला हायपोथॅलॅमस सगळ्या अंगाच्या त्वचेचं आणि आतल्या रक्ताचं तापमान सतत पाहत असतो. पाठीवर गार वाऱ्याची झुळूक आली, मान उघडी पडली, ओला कपडा अंगाला चिकटला, की सिंपथेटिक नसांमधून, म्हणजे आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या नसांमधून, निरोप सुटतो आणि बोटातल्या वाहिन्यांवर त्यांना आवळणारं नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन सांडतं. हात खिशात उबेत असले तरी हा निरोप पोचतोच. भीती, घाई, राग यांचाही निरोप याच नसांमधून येतो. त्यामुळे परीक्षेच्या खोलीत किंवा भांडणाच्या वेळी बोटं पांढरी पडतात, यात मनाचा खेळ काही नाही.

दुसरी वाट जागच्या जागी. वाहिनीच्या स्नायूपेशींवर नॉरॲड्रेनॅलिन ओळखणारे अल्फा-२ गटाचे रिसेप्टर असतात. त्यातला अल्फा-२सी हा प्रकार एरवी पेशीच्या पोटात, गॉल्गी पिंडात दडून बसलेला असतो आणि विशेष काही करत नाही. त्वचा गार झाली की स्नायूपेशीच्या मायटोकाँड्रियातून, म्हणजे तिच्या ऊर्जेच्या भट्ट्यांतून, ऑक्सिजनची आक्रमक रूपं बाहेर पडतात, त्यातून रो-कायनेज नावाचं विकर जागं होतं, आणि ते या दडलेल्या रिसेप्टरांना पेशीच्या पृष्ठभागावर आणतं. तेच विकर स्नायूच्या आकुंचन यंत्रणेला कॅल्शियमच्या बाबतीत जास्त हळवं करतं. हाक तेवढीच असते, पण ऐकणारे कान वाढलेले असतात आणि हात जास्त जोराने आवळतो. निरोगी माणसातही हे होतं. रेनॉड्स असलेल्यांमध्ये त्याचा उंबरठा खाली आलेला असतो.

या दोन वाटांमधली खरी दोषी कोणती, हा वाद जुना आहे. ज्यांच्या नावावरून ‘रेनॉड्स’ हे नाव पडलं त्या मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये पॅरिसला आपल्या प्रबंधात या दुखण्याचं वर्णन केलं, आणि त्यांचं मत होतं की दोष नसांच्या अति उत्तेजनात आहे. १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस लुईस यांनी रुग्णांच्या बोटाकडे जाणाऱ्या नसा भूल देऊन बंद केल्या, तरी बोट गार केल्यावर झटका आला. म्हणजे दोष बोटातच. आज दोघांचंही आपापल्या जागी खरं ठरलं आहे. २०२३ मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या, म्हणजे लोकांच्या आरोग्याच्या आणि जनुकांच्या नोंदींच्या साठ्यातल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अल्फा-२ए या भावंड रिसेप्टरचं जनुक आणि आयआरएक्स१ नावाचं जनुक अशी दोन नावं ठळकपणे पुढे आली. इतकी वर्षं बहुतेकांची नजर २सीवर खिळलेली होती. आता २एकडेही बघावं लागेल. माझ्यासारखीला यातून उद्या औषध मिळणार नाही, पण आपल्या दुखण्याचं मूळ शोधायला कुणीतरी बसलंय, हे वाचून बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट. निरोगी माणसाने बोट बर्फाच्या पाण्यात धरलं तर पाच-दहा मिनिटांनी मिटलेल्या वाहिन्या आपोआप थोड्या उघडतात, बोट जरा गरम होतं, पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. थंडीत ऊतक मरू नये म्हणून ही सोय. हेही लुईस यांनीच टिपलं होतं. रेनॉड्समध्ये ही सोय अनेकदा उशिरा किंवा दुबळी चालते. म्हणून ‘जरा वेळ सोस, हात सरावतील’ हा सल्ला आपल्याला लागू पडत नाही. मी तो खूप वर्षं ऐकला आणि पाळलाही. हात सरावले नाहीत.

मग मोजे का कमी पडतात

मोजा उष्णता तयार करत नाही, हातात असलेली धरून ठेवतो. बोटात उष्णता आणतं रक्त. ते एकदा थांबलं की मोज्याला धरून ठेवायला काही उरतच नाही, उलट गार झालेल्या बोटावर चढवलेला मोजा आतला गारवाही तितक्याच इमानाने जपतो. बाहेर पडून, कुलूप लावून, बोटं झोंबायला लागल्यावर मोजे बाहेर काढून घालणारी मी, नेमकं हेच करत होते.

म्हणून पहिली दुरुस्ती वेळेची. मोजे घरात, हात उबदार असतानाच घालायचे. हात गार असतील तर आधी ते कोमट पाण्याने किंवा काखेत धरून गरम करायचे, पुसून पूर्ण कोरडे करायचे आणि मग मोजे. परत आल्यावर अंगाला ऊब येईपर्यंत काढायचे नाहीत.

दुसरी दुरुस्ती जागेची, आणि मला सगळ्यात जास्त फरक पडला तो हिनेच. धडावर एक थर वाढवला. आतून अंगाला लागून बसणारी बंडी, वर स्वेटर, गळ्याला मफलर, डोक्यावर टोपी. अंगात थोडं जास्तच उबदार वाटतंय, कपडे जरा जास्त झालेत असं वाटावं, इतपत. तेव्हा हायपोथॅलॅमसला उष्णता राखायची गरज पडत नाही, उलट थोडी टाकायचीच असते, आणि ती टाकायची वाट बोटांतूनच जाते. ज्या दिवशी मी धड नीट झाकते त्या दिवशी पातळ मोज्यावरही निभावतं. ज्या दिवशी जाड मोजे घालून वर साधा कुडता असतो, त्या दिवशी बोटं जातात.

मनगटाकडेही बघा. मोजा आणि बाही यांच्यामध्ये चार बोटं उघडी जागा राहते, आणि तिथूनच रोहिण्या त्वचेच्या अगदी जवळून हाताकडे जातात. लोकरीचा पट्टा किंवा जुन्या पायमोज्याची कापलेली नळी तिथे चढवली की काम होतं. मोज्यांमध्येही चारही बोटं एकाच पिशवीत राहतात ते प्रकार सुटी बोटं असलेल्यांपेक्षा सरस, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. तंग मोजे नकोत. दाबामुळेही रक्त अडतं आणि आत हवेचा थर राहत नाही. एकावर एक दोन मोजे घालून मी नेमका हाच घोळ केला होता. ओला मोजा काढून टाकायचा. घामाने तळहात भिजत असेल तर आत पातळ मोजा घालून तो बदलत राहायचा. बॅटरीवर तापणारे मोजे मिळतात, खिशात ठेवायच्या लोहचूर्णाच्या ऊबपुड्या मिळतात. दोन्ही उपयोगी आहेत, फक्त पुडी थेट त्वचेवर धरायची नाही.

थंडीचे दिवस नाहीत, तरी होतं?

हो, होतं, आणि त्याने लोक फार गोंधळतात. वाहिन्यांना थर्मामीटरवरचा आकडा जितका कळतो त्याहून जास्त त्यातली घसरण कळते. बाहेर कडक ऊन आणि आत एसीचा झोत, हा माझ्यासाठी भर थंडीपेक्षा वाईट योग आहे. घामाने भिजलेल्या अंगावर पंखा लागणं तसंच. फ्रीझरमधून काही काढणं, गार बाटली धरून बसणं, नळाच्या गार पाण्यात भाजी धुणं, पोहून पाण्याबाहेर येणं. ओला हात हवेत राहिला की पाणी उडून जाताना उष्णता ओढून नेतं, म्हणून हात धुतल्यावर लगेच, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आपलं कुठे बिघडतं हे शोधायला मी दोन आठवडे एक वही ठेवली. प्रत्येक झटक्याला चार गोष्टी लिहायच्या: वेळ, त्याआधीच्या पंधरा मिनिटांत मी कुठून कुठे गेले, अंगावर काय होतं, हातात काय होतं. मनात काही ताण असेल तर तोही. मला खात्री होती की सकाळच्या गारठ्यात सगळं घडत असणार. वहीत निघालं भलतंच: बहुतेक झटके ऊब सोडून गारव्यात शिरण्याच्या पहिल्या काही मिनिटांतले होते, आणि त्यातले कितीतरी फ्रीझरपाशी. आता फ्रीझरच्या दारालाच एक पातळ मोज्यांची जोडी अडकवलेली आहे. हे मी सगळ्यांना करायला सांगते. आपल्या वाहिन्या नेमक्या कशाला घाबरतात हे दुसरं कुणी सांगू शकत नाही.

ताणाचा भाग ज्यांना जास्त आहे त्यांनी संथ श्वास, थोडा वेळ जागेवरून उठून चालणं वगैरे जरूर करून पाहावं. मात्र बोटाचं तापमान पडद्यावर बघत ते मनाने वाढवायला शिकवणारी बायोफीडबॅकची पद्धत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरली. त्याच चाचणीत निफेडिपिन या वाहिन्या सैल करणाऱ्या गोळीने झटके सुमारे दोन तृतीयांशाने कमी झाले. पैसे आणि वेळ कुठे घालायचे ते यावरून ठरवता येईल.

झटका सुरूच झाला, तर

गारव्यातून बाहेर पडा. शक्य नसेल तर वाऱ्याकडे पाठ करा. हात काखेत घाला किंवा पोटाला लावून धरा. खांद्यापासून सगळा हात गोल गोल, पवनचक्कीच्या पात्यासारखा जोरात फिरवा. त्या गतीने रक्त टोकांकडे ढकललं जातं. मला हा उपाय सुरुवातीलाच केला तर लागू पडतो, बोट पूर्ण पांढरं झाल्यावर फारसा नाही. घरात असाल तर कोमट पाणी. कोमट म्हणजे किती, हे पांढऱ्या बोटाने ठरवायचं नाही. कोपराने किंवा दुसऱ्या कुणाकडून बघायचं. सोबत अंगावर पांघरूण घ्या, गरम काही प्या. धड गरम झाल्याशिवाय नुसते हात गरम करून फायदा टिकत नाही.

कडक पाणी, शेगडी, हीटरची जाळी, गरम पाण्याची पिशवी यांना हात लावू नका. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही, आणि रक्त फिरत नसल्याने उष्णता वाहूनही जात नाही, जिथल्या तिथे साचते. मी एकदा पातेल्यातल्या पाण्यात बोटं बुडवली, मला ते छान कोमट वाटलं. रक्त परत आलं तेव्हा टोकांवर फोड आले होते आणि ते भरायला तीन आठवडे लागले. बोटं जोरात चोळू नका. आणि बोटं बधिर असताना विळी-सुरी, यंत्र, गाडी यांपासून लांब राहा. हा धोका फार कुणी बोलून दाखवत नाही.

हे सगळं करूनही येतच असेल

मग कपड्यांच्या पलीकडे पाहावं लागतं. घरातली औषधं टेबलावर काढून ठेवा. रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी दिलेले बीटा-ब्लॉकर, अर्धशिशीवरचं अर्गोटामिन आणि ट्रिप्टान गटातल्या गोळ्या, चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, एकाग्रतेसाठी दिली जाणारी मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजकं, कर्करोगावरची सिस्प्लॅटिन आणि ब्लिओमायसिन, ही सगळी वाहिन्या आवळू शकतात किंवा त्यांना इजा करू शकतात. सर्दीची गोळी घेतलेल्या आठवड्यात झटके वाढतात हे मला वहीमुळेच कळलं. पण लिहून दिलेलं कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका. बीटा-ब्लॉकर अचानक सोडणं हृदयाला धोक्याचं असतं. यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पर्याय विचारा.

तंबाखू कुठल्याही रूपात असो, निकोटिन वाहिन्या आवळतं. तुम्ही ओढत असाल तर बाकीच्या उपायांचा निम्मा जोर तिथेच वाया जातो, हे मी अगदी कळकळीने सांगते.

काम कोणतं करता हेही महत्त्वाचं. ड्रिल, ग्राइंडर, कटर, झाडं कापायची यांत्रिक करवत अशी थरथरणारी अवजारं वर्षानुवर्षं हातात धरणाऱ्यांची बोटं पांढरी पडतात. १९१८ मध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात चुनखडीचा दगड हवेच्या दाबावरच्या हातोड्यांनी फोडणाऱ्या कामगारांचे हात तपासून हे नोंदवलं होतं. यात वाहिन्यांबरोबर नसांनाही इजा होते, आणि काम तसंच चालू ठेवलं तर ती भरून येत नाही. सुरुवातीला फक्त एका बोटाचं टोक पांढरं पडतं आणि मुंग्या येतात. थांबण्याची वेळ तीच.

थायरॉइडचं काम मंदावलेलं असणं आणि खांद्यापाशी रक्तवाहिनी दबणं, हीसुद्धा तपासून घेण्यासारखी कारणं.

डॉक्टरांकडे जायलाच हवं असे प्रसंग

बहुतेकांचं रेनॉड्स हे माझ्यासारखं, प्राथमिक असतं: पंधरा ते तीस या वयात सुरू होतं, बायकांत जास्त, दोन्ही हातांना सारखं, अंगठा बहुधा सुटलेला, जखमा नाहीत. त्रास होतो, पण बोटाला कायमची इजा होत नाही. काहींमध्ये मात्र ते दुसऱ्या आजाराची पहिली खूण असतं. स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी ताठ होत जाणारा आजार, झालेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना रेनॉड्स असतं, आणि कित्येकदा ते बाकी लक्षणांच्या आधी काही वर्षं आलेलं असतं. ल्युपस आणि शोग्रेन या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांतही दिसतं.

त्यामुळे पुढच्यापैकी काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्रास चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झाला. एकाच हाताला होतो. बोटं सतत फुगलेली राहतात किंवा त्यांची कातडी ताठ, चकचकीत होत चालली आहे. टोकावर जखम, खड्डा, काळा ठिपका. सोबत सांधे सुजणं, गिळताना अडकणं, दम लागणं, तोंडाला कोरड, उन्हाने अंगावर पुरळ. आणि बोट गरम करूनही तासभर पांढरं किंवा निळंच राहिलं, टोक काळवंडू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

तपासणी साधी असते. नखाच्या मुळाशी, जिथे कातडीची घडी नखाला मिळते, तिथल्या केशवाहिन्या भिंगातून दिसतात. तेलाचा एक थेंब टाकून त्वचारोगतज्ज्ञ आपल्या हातातल्या यंत्रानेही पाहू शकतात. निरोगी असतील तर त्या केसाच्या पिनांसारख्या बारीक, एका ओळीत, सारख्या अंतरावर असतात. फुगलेली मोठी वेटोळी, मधेच रिकाम्या जागा, रक्ताचे ठिपके दिसले तर आत दुसरा आजार असण्याची शंका घ्यावी लागते. त्याबरोबर रक्ताच्या दोन तपासण्या: स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडी शोधणारी एएनए आणि शरीरातला दाह दाखवणारी ईएसआर. १९९२ मध्ये लेरॉय आणि मेडस्गर यांनी प्राथमिक रेनॉड्स ओळखण्याचे निकष मांडले, ते याच गोष्टींवर उभे आहेत. केशवाहिन्या आणि अँटिबॉडी दोन्ही निर्दोष निघाल्या तर पुढे असा आजार उद्भवण्याची शक्यता फार कमी. माझी भीती त्या दिवशी गेली.

डॉक्टरांसमोर बसल्यावर बोटं हमखास गुलाबी असतात. त्यांना दाखवायला झटका मुद्दाम आणू नका. बर्फाच्या पाण्यात हात घालून केलेली चाचणी भरवशाची नसते आणि विनाकारण दुखतं. पांढऱ्या बोटांचा फोनवर काढलेला फोटो पुरेसा असतो. दोन्ही हात एका चौकटीत, चांगल्या उजेडात, आणि सोबत ती वही.

औषधांबद्दल

औषध प्रत्येकाला लागत नाही. झटके रोज येत असतील, काम अडत असेल किंवा जखमा होत असतील तर डॉक्टर बहुधा कॅल्शियम वाहिन्या रोखणारी गोळी देतात, दीर्घकाळ चालणारं निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिन. स्नायूपेशीत शिरणारं कॅल्शियम कमी झालं की वाहिनी तितक्या जोराने आवळू शकत नाही. पावलं सुजणं, डोकं दुखणं, चेहरा तापणं हे त्याचे त्रास. मात्रा कमी करून किंवा गोळी बदलून पुष्कळदा निभावतं. मी फक्त थंडीचे तीन महिने घेते. याने भागलं नाही तर सिल्डेनाफिल, बोटांना लावायचं नायट्रेटचं मलम, आणि जखमा झालेल्यांना शिरेतून इलोप्रोस्ट असे पुढचे उपाय आहेत. सिल्डेनाफिल आणि नायट्रेट एकत्र कधीही घ्यायचे नाहीत, रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरतो. त्यातलं एक चालू असताना दुसरे डॉक्टर दुसरं लिहून देत असतील तर आपणच तोंड उघडायला हवं.

आणि तीन गोष्टी, ज्यांबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर पांढऱ्या बोटावर लावला तर तो आकडाच दाखवत नाही किंवा खोटा, कमी आकडा दाखवतो. दवाखान्यात गार खोलीत असाल तर आधी सांगा आणि कानाच्या पाळीला लावायला सांगा. मधुमेह असून बोटाच्या टोकातून साखर तपासत असाल, तर आवळलेल्या बोटातून आलेली साखर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. हात गरम करून पुन्हा बघा, आणि आकडा तुमच्या प्रकृतीशी जुळत नसेल तर शिरेतलं रक्त द्या. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध पाजल्यावर स्तनाग्र पांढरं पडून जळजळीत कळा येत असतील तर तेही रेनॉड्स असू शकतं. बुरशीचा संसर्ग समजून त्यावर मलमांमागून मलमं लावली जातात आणि बाळाचं दूध तोडलं जातं. पाजून होताच कोरडी ऊब द्यायची, आणि रंग बदलताना काढलेला फोटो डॉक्टरांना दाखवायचा.